धुळीचं वादळ आणि लाल त्रिकोणाचं बटण

चँडलर

अ‍ॅरिझोनातही मान्सून येतो, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. टीव्हीवरची माणसं तो शब्द इतक्या गांभीर्यानं उच्चारत होती की पहिल्याच दिवशी मी जावयाकडे छत्री मागितली. तो हसला. तिथल्या मान्सूनमध्ये आधी धूळ येते, मग विजा, मग पुन्हा धूळ, आणि काही उरलंच तर पाऊस. शब्द उचलून नेला, पाऊस न्यायचा राहून गेला, असा एकूण प्रकार.

मुलगी मृणाल आणि जावई निखिल यांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना एकाच वेळी बोलावण्याचं धाडस केलं होतं. निखिल चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. बटाट्याच्या नव्हे, हे साताऱ्यात मला प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. आम्ही दोघं आणि व्याही-विहीण असे चार ज्येष्ठ त्या वाळवंटातल्या घरात एसी लावून बसलेलो असायचो. बायकांचं चांगलं जमलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघर वाटून घेतलं आणि दुपारची मालिका ठरवली. आम्हा पुरुषांचं जमायला वेळ लागत होता.

व्याही म्हणजे अप्पासाहेब. बांधकाम खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सारं आयुष्य घाटरस्त्यांवर गेलं. निवृत्तीनंतर खुर्ची गेली, गाडी गेली, पण पाहणीला आलेल्या साहेबाची चाल राहिली. चँडलरच्या फुटपाथवरूनही ते हात मागे बांधून, कडेच्या दगडांकडे नापसंतीनं बघत चालायचे. मी ग्रंथपाल होतो. आयुष्यभर लोकांना ‘हळू बोला’ एवढंच सांगत आलो, त्यामुळे अप्पासाहेबांचा आणि माझा संवाद स्वाभाविकपणे एका बाजूनं चालायचा.

त्यात मी मुलीचा बाप. लग्नात हुंडा नव्हता, मानपान नव्हतं, पत्रिकासुद्धा पाहिल्या नव्हत्या. दोन्ही घरं सुधारलेली. फक्त मुलीच्या बापानं व्याह्यांशी बोलताना आवाज एक पट्टी खाली ठेवायचा, एवढं एक कलम कुणाच्या लक्षात न आल्यामुळे शिल्लक राहिलं होतं.

तर टूसॉनमधल्या मराठी मंडळींनी अप्पासाहेबांना व्याख्यानाला बोलावलं. विषय, ‘महाराष्ट्रातले घाटरस्ते: एका अभियंत्याचे अनुभव’. मूळ वक्त्यांनी ऐनवेळी कॅन्सल केलं होतं, ही गोष्ट निखिलनं मला सांगितली आणि ती अप्पांना सांगायची नाही हेही सांगितलं. निखिलची त्या शनिवारी शिफ्ट होती, म्हणून गाडी मृणाल चालवणार होती. हे कळल्यावर अप्पासाहेबांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाले, “ठीक आहे. मी असेनच शेजारी.”

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. मृणालनं सकाळीच फोनवर हवामान पाहिलं आणि दुपारी जेवून लगेच निघू म्हणाली, कारण चारनंतर त्या रस्त्यावर धुळीचा इशारा होता. अप्पासाहेबांची वामकुक्षी चुकत नाही. ती झाल्यावर कोट, कोटानंतर टाय, टायनंतर पुन्हा दुसरा टाय.

“अप्पा, निघू या ना. वाटेत डस्ट स्टॉर्म लागला तर थांबावं लागेल.”

“सूनबाई, आम्ही ऐन जुलैत वरंधा उतरलोय,” अप्पासाहेब आरशात बघत म्हणाले.

आम्ही तीननंतर बऱ्याच उशिरानं निघालो.

कासा ग्रांदेपर्यंत

पुढची सीट मानाची, म्हणून अप्पासाहेब पुढे. बायका घरीच राहिल्या होत्या. मागे मी आणि माझ्या मांडीवर बटाटेवड्यांचा भला मोठा डबा, कारण तिथली विद्यार्थी मंडळी व्याख्यानाला येतात ती वड्यांच्या भरवशावर, असं मृणालचं निरीक्षण होतं. डिकीत पाण्याच्या इतक्या बाटल्या होत्या की आपण शहरात चाललोय की काफिल्याबरोबर, असा प्रश्न पडावा.

आपल्याकडे ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस नुसता प्रवासी नसतो. तो अर्धा ड्रायव्हर असतो. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणं, खिडकीतून हात दाखवणं, समोरच्या ट्रकच्या मनात काय आहे ते आधी ओळखणं, ही त्याची कामं. अप्पासाहेबांनी ती सगळी सुरू केली. अमेरिकेतल्या मोटारीच्या काचा बंद असल्यामुळे हात दाखवण्याचा फायदा फक्त मला होत होता.

मृणाल पुढच्या गाडीपासून लांब अंतर ठेवून चालवत होती. अप्पासाहेबांना ते अंतर सोसेना.

“एवढ्या जागेत आपल्याकडे दोन रिक्षा आणि एक टेम्पो बसतो,” ते म्हणाले.

“म्हणूनच तिकडे बंपर बदलावा लागतो,” मृणाल म्हणाली. ती माझी मुलगी आहे, पण आवाज तिच्या आईचा आहे.

शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना सपाट, फिकट, काही न पिकलेली जमीन सुरू झाली. अधूनमधून हात वर केलेले निवडुंग उभे होते. इतक्या उंच निवडुंगांसमोरून जाताना उगीच वाटतं की त्यांना आपण कुठल्या तरी बाबतीत शरण आणलंय. रस्ता इतका सरळ की अप्पासाहेबांना त्यात अभियांत्रिकीच दिसेना. वळण नाही, चढ नाही, मग यांनी केलं काय, असा त्यांचा सवाल होता.

मग पाट्या आल्या. धूळ आली तर रस्त्याच्या बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, पाय ब्रेकवरून काढा, असा मजकूर एकामागून एक पाट्यांवर तोडून लिहिला होता. अप्पासाहेबांनी तो मोठ्यांदा वाचला आणि हसले.

“दिवे बंद करा म्हणे. हे ज्यानं लिहिलंय त्यानं धुकं पाहिलेलं नाही.”

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आंबोली असो, खंबाटकी असो, धुकं उतरलं की आपल्याकडे चारही इंडिकेटर लावतात. टपटप उघडझाप करणारे ते पिवळे दिवे पाहिले की घाटात जीव थाऱ्यावर येतो. पुढे कुणीतरी आहे, मागच्याला आपण दिसतो आहोत. दिवा विझवून सुरक्षित राहायचं, हे ऐकायला एखाद्या पंथाच्या शिकवणुकीसारखं वाटतं.

कासा ग्रांदेला कॉफीसाठी थांबलो. गाडीतून न उतरता एका खांबाला ऑर्डर सांगायची असते. अप्पासाहेबांनी मृणालच्या पुढून वाकून त्या खांबाला आधी नमस्कार, मग आपली ओळख आणि शेवटी चहा सांगितला. खांबानं सगळं ऐकून घेतलं. खिडकीतून मिळाली ती बर्फ घातलेल्या बिनसाखरेच्या काळ्या चहाची बादली. अप्पासाहेबांनी ती पुढचा सगळा वेळ दोन गुडघ्यांमध्ये धरून ठेवली, कारण एवढा चहा ओतून टाकणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं आणि पिणंही.

पिकाचोच्या अलीकडे

पिकाचो हा त्या सपाटीवरचा एकुलता एक देखणा डोंगर. मला तो बराच वेळ समोर दिसत होता. तपकिरी, लांबरुंद, माथा ढगात. मी मृणालला तसं म्हणालोही.

“बाबा, तो डोंगर नाहीये,” मृणाल म्हणाली.

त्याच क्षणी तिघांचेही फोन हवामानाच्या इशाऱ्यानं एकदम किंचाळले. अप्पासाहेबांच्या गुडघ्यांमधली बादली उसळली आणि त्यांच्या दुसऱ्या टायवर चहा सांडला. डोंगर आमच्या दिशेनं सरकत होता.

मृणालनं वेग कमी केला, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याच्या बाहेर घेतली. डांबर संपलं, साइडपट्टी संपली, तरी ती थांबेना. पार तारेच्या कुंपणाला लागेपर्यंत खडीत गाडी नेली. अप्पासाहेब म्हणाले, इतकं आत कशाला, निघताना रुततील चाकं. तिनं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, दिवे बंद केले, ब्रेकवरून पाय काढला, म्हणजे मागचा लाल दिवाही विझला. पट्टे तसेच ठेवा म्हणाली. तेवढ्यात धूळ आली.

मी पुस्तकांतल्या धुळीत आयुष्य काढलं, पण ही धूळ वेगळी होती. दुपार होती ती विझली. आधी कुंपण गेलं, मग बॉनेट गेलं. काचेला बाहेरून कुणी गोणपाट लावल्यासारखं झालं. वाळू पत्र्यावर फुटाणे भाजल्यासारखी वाजत होती. एसी बंद पडल्यामुळे काही क्षणांतच आत भट्टी झाली आणि त्या भट्टीत बटाटेवड्यांचा वास भरला.

टिक, टिक, टिक, असा आवाज आला. अप्पासाहेबांनी हात पुढे करून मधल्या पट्टीवरचं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं होतं. इंजिन बंद असलं तरी ते दिवे लागतात. आमच्या चारही कोपऱ्यांवर पिवळं काहीतरी धपधपायला लागलं.

मृणालनं बटण दाबून ते बंद केलं.

“बंद का केलंस?”

“मागून येणारा दिवा बघून येतो, अप्पा. त्याला वाटतं दिवा आहे तिथं रस्ता आहे. तो आपल्यावरच येईल.”

“आणि दिवाच नसला तर आपण त्याला दिसणार कसे?”

“दिसायचंच नाहीये आपल्याला.”

हे वाक्य अप्पासाहेबांना कळलं असेल असं मला वाटत नाही. हा माणूस जिथं गेला तिथं पुढे लाल दिव्याची गाडी आणि मागे तीन जीपगाड्या, अशा थाटात गेलेला. न दिसण्यानं काही भलं होऊ शकतं, हा अनुभवच त्यांच्या जमेला नव्हता. ते रागावले नाहीत. साइटवर चुकलेल्या कनिष्ठाला सांगावं तशा शांत, जड आवाजात म्हणाले, “सूनबाई, अंधारात दिवा लावतात. विझवत नाहीत.” आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

टिक, टिक.

तिनं बंद केलं. त्यांनी पुन्हा लावलं. माझ्या डोळ्यांसमोर तो लाल त्रिकोण आणि त्यावर आळीपाळीनं येणारी दोन बोटं होती. एक तिचं, एक त्यांचं. सासऱ्याचा हात सुनेनं झटकायचा नसतो. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, पण ती प्रत्येक वेळी त्यांचं बोट निघेपर्यंत थांबत होती, हे मी मागून पाहत होतो. त्या थांबण्यात दिवे जळत होते.

मी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. मला आधी काही दिसलं नाही. मग त्या तपकिरी भिंतीत दोन फिकट डाग दिसले, शेजारी शेजारी, बसक्या चंद्रासारखे. ते रस्त्याच्या रेषेत नव्हते. ते आमच्या रेषेत होते.

“मृणाल, मागे,” मी म्हणालो.

तिनं आरशात पाहिलं आणि बटणाकडे हात नेला. तिथं अप्पासाहेबांचा हात आधीच होता, बटण झाकून. मागून गाडी येतेय म्हटल्यावर तर दिवे हवेतच, असं त्यांच्या तर्काला दिसत असणार. मी डबा बाजूला ढकलला, पुढच्या दोन सीटांमधून वाकलो आणि त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. लग्नातल्या व्याहीभेटीत आम्ही एकमेकांना मिठी मारली होती, त्यानंतर मी त्यांना हात लावला तो हा.

“अप्पासाहेब, तिला चालवू द्या,” मी म्हणालो. पट्टी कुठली लागली ते आठवत नाही. खालची नव्हती.

मृणालनं बटण दाबलं, टिकटिक थांबली. गाडी अंधारली. दोन डाग मोठे होत गेले, मग जागच्या जागी थबकल्यासारखे वाटले, मग एकदम रस्त्याच्या बाजूला सरकले. काहीतरी प्रचंड, लांब, आवाजाचं असं आमच्या बाजूनं गेलं आणि आमची गाडी आपल्या चाकांवर डुलली. मग पुन्हा फक्त वाळू.

अप्पासाहेबांचं मनगट अजून माझ्या हातात होतं. ते त्यांनी सोडवून घेतलं नाही, आणि मलाही ते सोडायचं असतं हे सुचलं नाही.

धूळ गेली तशी पाऊस आला. दहाबारा टपोरे थेंब, तेही चिखलाचे. मान्सून पार पडला. बाहेर उजेड झाल्यावर मृणालनं दार उघडून खाली पाय ठेवला आणि थोडा वेळ गाडीला टेकून उभी राहिली. मी पाण्याची बाटली काढून दिली. त्या बाटल्यांना मी हसलो होतो.

खडीत चाकांची खूण होती. रुंद, जोडचाकांची. रस्त्यावरून निघून ती थेट आमच्या डिकीच्या दिशेनं आली होती आणि मग एका जागी तिरकी होऊन पुन्हा रस्त्याकडे गेली होती. तिरकी झाली ती जागा आणि आमचा मागचा बंपर, यांच्यामध्ये एक रिक्षा बसली नसती.

अप्पासाहेब कोटासकट त्या खुणेपाशी उकिडवे बसले. खूण बोटांनी चाचपली. मान वर करून ती कुठून आली ते पाहिलं, कुठं वळली ते पाहिलं. चाकांच्या खुणा वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. बऱ्याच वेळानं ते उठले, गुडघे झटकले.

“साइडपट्टी चांगली केली आहे यांनी,” ते म्हणाले. “खडीची दबाई पक्की आहे.”

आणि गाडीत जाऊन बसले.

टूसॉन

आम्ही पोचलो तेव्हा सभागृहात राष्ट्रगीतं, गणेशवंदना आणि अर्ध्या पाहुण्यांची भाषणं होऊन गेली होती. तरीही स्पीकरवरून तुतारी वाजली. प्रमुख पाहुण्यांच्या टायवर चहा, कोटावर धूळ आणि मिशीवर वाळू होती. श्रोत्यांना तो घाटाचा परिणाम वाटला असावा. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

परिचय करून देणाऱ्या बाईंनी अप्पासाहेबांना ‘सह्याद्रीचे शिल्पकार’ केलं. ज्या ज्वालामुखींनी ते काम आधी केलं होतं, त्यांचा उल्लेख राहिला. शाल झाली, श्रीफळ झालं. नारळ इंडियन स्टोअरमधला, शेंडी काढलेला आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला होता. मागच्या रांगांत विद्यापीठात शिकणारी पुण्या-नागपूरची मुलंमुली वड्यांच्या डब्यावर नजर ठेवून बसली होती. मृणाल दाराजवळच्या खुर्चीत होती. तिनं डोळे मिटले होते.

व्याख्यान चांगलं झालं. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. पडद्यावरच्या पहिल्या चित्रात हेल्मेट घातलेले अप्पासाहेब एका डोंगराला बोट दाखवत होते आणि डोंगर ऐकत असल्यासारखा दिसत होता, तेवढं सोडलं तर माणसाला विषय येत होता. दरड का येते, पाणी कुठं मुरतं, रस्त्याखालची मोरी छोटी पडली की वर्षभरात काय होतं, हे त्यांनी असं सांगितलं की मुलं वडे विसरली.

मग एक चित्र आलं. वर मथळा: ‘घाटातील धुके: चालकांनी घ्यावयाची काळजी’. खाली पहिलाच मुद्दा: ‘चारही इंडिकेटर चालू ठेवावेत.’ अप्पासाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग बोट हलवून पुढचं चित्र आणलं. त्यात पुन्हा ते होते, दुसऱ्या डोंगराबरोबर.

मला वाटलं, झालं. मोठ्या माणसांना याहून जास्त जमत नसतं.

प्रश्नोत्तरांत मागून एक नागपूरची मुलगी उभी राहिली. तिथल्या खनिज विभागात संशोधन करत होती. “काका, ती फॉगची स्लाइड तुम्ही स्किप केली,” ती म्हणाली. “आम्ही विंटरमध्ये वर फ्लॅगस्टाफला ड्राइव्ह करतो ना, तर खरंच भीती वाटते. तेव्हा नेमकं काय करायचं?”

अप्पासाहेबांनी पाण्याचा घोट घेतला. शाल सारखी केली. कुठल्याही प्रश्नाला उत्तर न देण्याचे जे सरकारी मार्ग असतात ते सगळे त्यांना पाठ आहेत, आणि ते एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिले.

“ते मला विचारू नका,” ते म्हणाले. “दाराजवळ आमच्या सूनबाई बसल्यात. आज त्यांनी आम्हाला आणलंय. त्यांना विचारा.”

सगळ्या माना वळल्या. मृणाल दचकून उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर बोलायची तिला सवय नाही. ती सासऱ्यांकडे बघत होती. ते खाली मान घालून नारळाच्या प्लास्टिकची गाठ सोडवत होते.

“धुक्यात हळू चालवायचं, लो बीमवर,” ती म्हणाली. “काहीच दिसेनासं झालं किंवा धूळ आली, तर रस्ता सोडून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. थांबायचं. दिवे बंद. ब्रेकवरून पाय काढायचा.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि बरोबर कोणी मोठी माणसं असतील तर त्यांना हे निघायच्या आधी सांगायचं. नंतर वेळ नसतो.”

मुलं हसली. अप्पासाहेबही हसले, पण त्यांना गाठ काही सुटेना.

परत

रात्री तिथल्याच एका कुटुंबाकडे राहिलो आणि सकाळी निघालो. आकाश असं धुतलेलं होतं की कालचं सगळं आम्ही रचून सांगतोय असं वाटावं. पिकाचो जिथं असायला हवा तिथंच उभा होता आणि हलत नव्हता. त्याच्या पायथ्याशी शहामृगांना चारा घालायची सोय आहे. अमेरिकेत कशाचंही प्रेक्षणीय स्थळ होतं. अप्पासाहेब कुंपणापाशी गेले. एका शहामृगानं वाकून त्यांच्या हातातल्या नारळाची पाहणी केली, अगदी हात मागे बांधल्यासारखी, आणि नापसंतीनं मान फिरवली. त्यांचं इतकं तंतोतंत चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मी बोललो नाही. मुलीच्या बापाचं कलम काल एकदा मोडलं होतं, रोज मोडायचं कारण नव्हतं.

गाडीपाशी आल्यावर मी पुढचं दार त्यांच्यासाठी उघडलं. ते क्षणभर थबकले, मग बसले. पट्टा लावला. मृणालनं इंजिन सुरू केलं. पुढच्या ट्रकपासून तिनं नेहमीचं लांब अंतर ठेवलं. त्या जागेत कुणाच्या रिक्षा बसवल्या गेल्या नाहीत.

कालच्या जागेवरून जाताना तिघांनीही कुंपणाकडे पाहिलं. वाऱ्यानं खूण पुसली होती.

“अप्पा, नारळ मागे देता का बाबांकडे?” मृणाल म्हणाली. “उगीच हात अडकून राहतील तुमचे.”

“राहू दे,” अप्पासाहेब म्हणाले. “हात अडकलेलेच बरे आहेत.”

चँडलर येईपर्यंत नारळ त्यांच्या मांडीवर होता आणि दोन्ही हात नारळावर.